मुलांच्या वॉर्डातले विषाणू आणि नर्सची सुरक्षितता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांचा वॉर्ड, बालरोग अतिदक्षता विभाग आणि नवजात कक्षात काम करणाऱ्या सिस्टर, ब्रदर आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमच्या रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीचा नियम इथल्यापेक्षा कडक असेल, तर तोच पाळा.

१. मोठ्यांच्या वॉर्डापेक्षा मुलांच्या वॉर्डात नर्सला लागण होण्याची भीती जास्त का?

कारणं तीन. पहिलं, मुलं जास्त दिवस विषाणू बाहेर टाकतात. फ्लू झालेली मोठी व्यक्ती साधारण ५ ते ७ दिवस संसर्ग पसरवते, लहान मूल १० दिवस किंवा त्याहून अधिक. आरएसव्ही हा तान्ह्या मुलांच्या छातीचा नेहमीचा विषाणू सहसा ३ ते ८ दिवस बाहेर पडतो, पण काही बाळांत ३-४ आठवडेही. दुसरं, लहान मूल खोकताना तोंडावर हात धरत नाही, लाळ गाळतं, तोंडातला हात पाळण्याच्या कठड्याला लावतं.

तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे तुमचं काम लांबून होत नाही. दूध पाजताना, सक्शन करताना (नळीने कफ ओढून काढताना), रडणाऱ्या बाळाला कडेवर घेताना त्याचं तोंड तुमच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असतं. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आरएसव्ही झालेल्या बाळांच्या खोलीत तीन गटांनी वेळ घालवला. बाळाला उचलून त्याचं सगळं करणाऱ्या ७ जणांपैकी ५ जणांना लागण झाली. बाळ तिथे नसताना फक्त त्याच्या वस्तूंना हात लावून मग स्वतःच्या नाका-डोळ्यांना बोट लावणाऱ्या १० जणांपैकी ४ जणांना झाली. दूर नुसत्या बसलेल्या १४ जणांपैकी एकालाही झाली नाही. आरएसव्हीच्या बाबतीत हवेपेक्षा स्वतःचा हात अधिक धोक्याचा, हे यातून दिसतं. हात आणि डोळे यांवर खाली इतका भर दिला आहे तो म्हणूनच.

२. कोणता विषाणू कशातून पसरतो, हे थोडक्यात सांगाल का?

गोवर आणि कांजिण्या हवेतून पसरतात. गोवराचं मूल खोलीतून नेल्यावरही विषाणू तिथल्या हवेत २ तासांपर्यंत राहू शकतो. कोविडही बंद, कोंदट खोलीत हवेतून पसरतो. फ्लू, गालगुंड, रुबेला आणि पार्व्होव्हायरस बी-१९ मुख्यतः खोकल्या-शिंकांच्या थेंबांतून पसरतात. आरएसव्ही आणि अ‍ॅडेनोव्हायरस थेंबांतून आणि स्पर्शातूनही. रोटाव्हायरस, नोरोव्हायरस, हिपॅटायटिस ए आणि हात-पाय-तोंड आजार करणारे एन्टेरोव्हायरस शौचातून हाताला आणि हातातून तोंडात जातात. सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) लाळेत आणि लघवीत असतो, हर्पीस फोडांत आणि लाळेत. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही रक्तातून.

३. मूल आत्ताच दाखल झालं, रिपोर्ट उद्या येणार. तोपर्यंत काय घालायचं?

रिपोर्टची वाट पाहू नका, लक्षण पाहून तयारी करा. मुलांच्या वॉर्डात सर्वाधिक चूक इथेच होते. निदान होईपर्यंत मूल उघड्यावर राहतं आणि रिपोर्ट आल्यावर दाराला पाटी लागते. तोवर दोन पाळ्यांनी त्याला हाताळलेलं असतं.

खोकला, सर्दी, घरघर असेल तर मास्क, डोळ्यांचं आवरण, गाऊन, ग्लोव्हज. जुलाब-उलट्या असतील तर गाऊन, ग्लोव्हज आणि काम झाल्यावर साबण-पाणी. उलटी होत असताना जवळ जायचं असेल तर मास्कही. तापासोबत अंगभर लाल पुरळ किंवा पाण्याचे फोड असतील, तर मूल बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत थांबवायचं नाही. त्याला मास्क लावता येत असेल तर लावा, थेट स्वतंत्र खोलीत न्या, दार बंद करा आणि एन-९५ घालूनच आत जा. पुरळ यायच्या आधीही संसर्ग सुरू असतो: गोवरात ४ दिवस आधीपासून, कांजिण्यांत १-२ दिवस आधीपासून. घरात कोणाला पुरळ आलंय का, मुलाच्या लशी झाल्यात का, हे दोन प्रश्न दाखल करतानाच विचारून केसपेपरवर लिहा.

४. हँड रब पुरेसा आहे का, की साबणच हवा?

आरएसव्ही, फ्लू, कोविड, गोवर यांसारख्या चरबीचं आवरण असलेल्या विषाणूंवर ६० ते ८० टक्के अल्कोहोलचा हँड रब उत्तम चालतो. तळवा भरेल इतका घ्या आणि २० ते ३० सेकंद, हात आपोआप कोरडे होईपर्यंत चोळा. अंगठे, बोटांची टोकं आणि बोटांच्या बेचक्या नेहमी सुटतात. ओल्या हातांवर रब घेतला तर तो पातळ होऊन निकामी ठरतो.

नोरोव्हायरस, अ‍ॅडेनोव्हायरस, एन्टेरोव्हायरस, हिपॅटायटिस ए यांना ते आवरण नसतं, म्हणून अल्कोहोलचा भरवसा धरता येत नाही. जुलाबाच्या मुलाचं डायपर बदलल्यावर, उलटी पुसल्यावर आणि हात दिसण्यासारखे मळले असतील तेव्हा साबण-पाणीच. ओले करण्यापासून पुसण्यापर्यंत ४० ते ६० सेकंद लागतात. अंगठ्या, बांगड्या, कृत्रिम नखं काढून ठेवा. त्यांच्याखाली साबण पोचत नाही.

५. ग्लोव्हज घातले होते, मग हात धुवायचे कशासाठी?

ग्लोव्हजना न दिसणारी छिद्रं असतात, आणि काढताना मनगट किंवा बोटं मळतात. शिवाय आरएसव्ही रबरी ग्लोव्हजवर तास-दीड तास जिवंत राहू शकतो, म्हणजे उघड्या त्वचेपेक्षा जास्त वेळ. एकाच जोडीने डायपर बदलून, मग सलाइनचा दर बदलून, मग कीबोर्डला हात लावणं हे ग्लोव्हज न घालण्याइतकंच वाईट. एका मुलावरही मळक्या कामाकडून स्वच्छ कामाकडे जाताना जोडी बदला. ग्लोव्हजवर सॅनिटायझर चोळून पुढच्या मुलाकडे जाऊ नका.

६. गाऊन-मास्क चढवण्याचा आणि उतरवण्याचा नेमका क्रम कोणता?

चढवताना हात स्वच्छ, मग गाऊन, मास्क, गॉगल किंवा फेस शील्ड आणि शेवटी गाऊनच्या बाह्यांवर चढतील असे ग्लोव्हज. उतरवताना सगळ्यात मळलेलं आधी: ग्लोव्हज, मग गॉगल मागच्या पट्ट्यांना धरून, मग गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळून. हात स्वच्छ करा. मास्क शेवटी, पुढच्या बाजूला हात न लावता, आधी खालची आणि मग वरची दोरी काढून. गोवर-कांजिण्यांच्या खोलीतला एन-९५ बाहेर येऊन दार लावल्यानंतरच काढायचा. शेवटी पुन्हा हात.

लागण होते ती बहुधा उतरवताना, घाईत. मास्क हनुवटीवर ओढून पाणी पिणं किंवा गॉगल कपाळावर सरकवणं म्हणजे बाहेरचा थर तोंडाला आणि डोळ्यांना पुसणं.

७. मास्क आहे, मग गॉगल कशाला? धुकं येतं, कॅन्युला लावताना शीर दिसत नाही.

आरएसव्ही मुख्यतः नाकातून आणि डोळ्यांतून शिरतो. तोंडातून त्या मानाने कमी. अ‍ॅडेनोव्हायरस तर थेट डोळ्याला धरतो. नाक उघडं आणि डोळे उघडे यांत आरएसव्हीला फारसा फरक पडत नाही. चष्मा हे संरक्षण नाही, कारण बाजूने आणि वरून मोकळी जागा राहते.

धुक्याचा उपाय आहे: मास्कची वरची पट्टी नाकावर घट्ट दाबा आणि गॉगल मास्कच्या काठावर बसवा, म्हणजे श्वास वर येत नाही. शीर शोधताना फेस शील्डमधून जास्त स्वच्छ दिसतं. गॉगलचा आणखी एक फायदा म्हणजे तो घातला की हात आपोआप डोळ्यांकडे जात नाही.

८. सर्जिकल मास्क केव्हा आणि एन-९५ केव्हा?

गोवर, कांजिण्या, अंगभर पसरलेली नागीण यांना एन-९५, लस घेतलेली असली तरी. कोविडलाही एन-९५. फ्लू, आरएसव्ही, गालगुंड अशा मुलांच्या रोजच्या कामाला सर्जिकल मास्क चालतो. पण श्वासनलिकेत नळी घालणं, उघडं सक्शन, ब्रॉन्कोस्कोपी, सीपीआर अशा कामांत बारीक कण उडतात, तेव्हा एन-९५ आणि डोळ्यांचं आवरण. अशा वेळी खोलीत गरजेपुरतीच माणसं ठेवा. व्हेंटिलेटरवरच्या मुलाला बंद सक्शन सर्किट वापरा. नेब्युलायझर देताना समोर नाही, बाजूला आणि थोडं मागे उभं राहा. मूल खोकतं ते समोर.

एन-९५ ची फिट टेस्ट (तो मास्क तुमच्या चेहऱ्यावर नीट बसतो का याची चाचणी) वर्षातून एकदा, वजन बरंच बदललं तर पुन्हा. सील मात्र प्रत्येक वेळी तपासायची: दोन्ही हात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा, नाकाच्या कडेने हवा लागली तर पट्टी पुन्हा बसवा. दाढी असेल तर सील होत नाही.

९. स्वतंत्र खोल्या नाहीत. मुलांना कसं ठेवायचं?

एकाच निश्चित विषाणूची मुलं एका भागात ठेवता येतात. आरएसव्हीजवळ आरएसव्ही चालेल. आरएसव्हीजवळ 'नुसती छाती भरलेली' पण तपासणी न झालेली मुलं नाहीत. दोन पलंगांत किमान १ मीटर, जमेल तिथे २ मीटर अंतर हवं. कर्करोगाचे उपचार चालू असलेली, जन्मतः हृदयविकार असलेली किंवा अपुऱ्या दिवसांची बाळं या भागात ठेवू नयेत.

पाळीत नर्सही वाटून घ्या: संसर्गाच्या मुलांकडे एक गट, बाकीच्यांकडे दुसरा. माणसं कमी असतील तर कामाचा क्रम ठरवा. आधी संसर्ग नसलेलं मूल, शेवटी संसर्गाचं.

गोवर किंवा कांजिण्यांचं मूल उघड्या वॉर्डात ठेवायचं नाही. आदर्श खोली म्हणजे नकारात्मक दाबाची (आतली हवा वॉर्डात येऊ न देणारी), तासाला १२ वेळा हवा बदलणारी. ती नसेल तर कोपऱ्यातली एकटी खोली घ्या, दार बंद आणि खिडकी बाहेरच्या मोकळ्या बाजूला उघडी ठेवा, आणि तिथे फक्त प्रतिकारशक्ती असलेल्या नर्सची ड्युटी लावा. वॉर्डातल्या इतर खोल्यांत खेळणारी सेंट्रल हवा त्या खोलीत नको.

१०. ब्लीचचं द्रावण किती आणि कसं करायचं?

बाटलीवर ५ टक्के हायपोक्लोराइट लिहिलं असेल, तर २० मिली ब्लीच आणि ९८० मिली पाणी म्हणजे १००० पीपीएम (दर दहा लाख भागांत १००० भाग). रोजच्या पृष्ठभागांना आणि कठड्यांना हे पुरतं. नोरोव्हायरसची उलटी-जुलाब किंवा रक्त सांडलं असेल, तर १०० मिली ब्लीच आणि ९०० मिली पाणी, म्हणजे ५००० पीपीएम. बाटलीवरची टक्केवारी वेगळी असेल तर प्रमाण बदलेल. द्रावण साध्या पाण्यात, रोज ताजं करा. २४ तासांनंतर टाकून द्या.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, घाण न पुसताच ब्लीच ओतलं तर क्लोरीन घाणीतच संपतं. आधी शोषक कागदाने उचला, मग द्रावण लावून १० मिनिटं ओलं राहू द्या, मग पुसा. दुसरं, लघवीच्या थारोळ्यावर थेट ब्लीच ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी मिळून घातक वायू होतो. आम्लाच्या टॉयलेट क्लीनरसोबतही मिसळायचं नाही.

११. खेळणी, स्टेथोस्कोप, मोबाईल यांचं काय?

कापडी, केसाळ खेळणी सामायिक ठेवू नका. ज्याचं त्याचं, आणि घरी जाताना सोबत द्या. प्लास्टिकची खेळणी साबणाने धुऊन, निर्जंतुक करून, भरपूर पाण्याने खंगाळून वाळवा. ती तोंडात जाणार आहेत. स्टेथोस्कोप, थर्मामीटर, रक्तदाबाचा पट्टा, ऑक्सिमीटरचा प्रोब शक्यतो त्या मुलापुरता वेगळा. आरएसव्ही गुळगुळीत कडक पृष्ठभागावर ६ तासांपर्यंत टिकतो. मोबाईल खोलीत नेऊच नका.

१२. मुलांच्या वॉर्डात काम सुरू करण्याआधी कोणत्या लशी हव्यात?

गोवर-गालगुंड-रुबेलाचे २ डोस, कांजिण्यांचे २ डोस, हिपॅटायटिस बी चे ३ डोस, दरवर्षी फ्लू, आणि कोविडची लस चालू शिफारशीनुसार. डांग्या खोकला विषाणूचा नसला तरी तान्ह्या बाळांत काम करणाऱ्यांनी टीडॅपचा (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याच्या लशीचा) एक डोस घ्यावा. हिपॅटायटिस बी च्या शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी अँटिबॉडी तपासा. १० मिलि-आंतरराष्ट्रीय एकक प्रति मिली किंवा अधिक म्हणजे संरक्षण आहे. ही तपासणी बहुतेक जणी टाळतात आणि सुई टोचली की मग धावपळ होते (प्रश्न १४). 'लहानपणी गोवर झाला होता' ही आठवण पुरावा नव्हे. लशीची नोंद किंवा रक्ताची तपासणी हवी.

१३. गोवर किंवा कांजिण्यांच्या मुलाजवळ विनामास्क काम केलं. आता काय?

त्याच दिवशी कळवा, कारण उपाय घड्याळाशी बांधलेले आहेत. गोवराला प्रतिकारशक्ती नसेल तर लस ७२ तासांत, किंवा इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन) ६ दिवसांत. कांजिण्यांना लस ३ ते ५ दिवसांत. गरोदर किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना व्हॅरिसेला इम्युनोग्लोब्युलिन लवकरात लवकर, १० दिवसांपर्यंत.

प्रतिकारशक्तीचा पुरावा नसेल तर ड्युटीवर यायचं नाही: गोवरात पहिल्या संपर्कानंतरच्या ५व्या दिवसापासून शेवटच्या संपर्कानंतरच्या २१व्या दिवसापर्यंत, कांजिण्यांत ८व्यापासून २१व्यापर्यंत. इम्युनोग्लोब्युलिन घेतलं असेल तर कांजिण्यांत २८व्या दिवसापर्यंत, कारण त्यामुळे आजार लांबणीवर पडू शकतो. दोन डोस झालेल्यांनी काम करावं, पण रोज ताप आणि पुरळ पाहावं.

१४. मुलाने झटका दिला आणि सुई टोचली. पहिली कृती कोणती?

जखम साबण-पाण्याने धुवा. दाबून रक्त काढू नका, ब्लीच लावू नका. डोळ्यात रक्त उडालं तर भरपूर पाणी किंवा सलाइन. लगेच कळवा. एचआयव्हीची शक्यता असेल तर औषध शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांत, आणि पुढे २८ दिवस. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यावर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, लस न घेतलेल्यांना हिपॅटायटिस बी ची मात्र ६ ते ३० टक्के. म्हणूनच लस आधी. संरक्षण नसेल तर हिपॅटायटिस बी चं इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो २४ तासांत, सोबत लस.

बाळाच्या रक्तात एक गोम आहे: १८ महिन्यांखालच्या बाळातल्या एचआयव्ही अँटिबॉडी आईकडून आलेल्या असू शकतात. त्या वयात विषाणूची थेट तपासणी आणि आईची माहिती, दोन्ही मागा. पुढच्या वेळी धरायला दुसरी व्यक्ती घेतल्याशिवाय सुई उघडू नका, आणि टोपण परत लावू नका.

१५. मी गरोदर आहे. मुलांच्या वॉर्डातून बदली मागू का?

सरसकट गरज नाही. गर्भाला इजा करू शकणाऱ्या सीएमव्हीची सगळ्यात भीती वाटते, पण ज्या बाळांतून तो बाहेर पडतो त्यांतली बरीचशी निरोगी दिसतात, कोण ते कळत नाही. म्हणून एका ठराविक बाळाला टाळून फायदा नाही. प्रत्येक डायपर आणि लाळेनंतर हात धुणं हेच संरक्षण, आणि ते पाळणाऱ्या नर्सना इतरांपेक्षा जास्त धोका आढळलेला नाही.

ड्युटी बदलून घ्यावी अशी कामं मात्र आहेत. प्रतिकारशक्ती नसेल तर कांजिण्या, गोवर, रुबेलाचं मूल. सिकलसेल किंवा तत्सम रक्तविकारात पार्व्होव्हायरसमुळे अचानक हिमोग्लोबिन कोसळलेलं मूल. ते खूप संसर्गजन्य असतं, आणि गर्भाला धोका मुख्यतः पहिल्या २० आठवड्यांत. याउलट गाल लाल झालेलं, पार्व्होव्हायरसचं पुरळ उठलेलं सुदृढ मूल तेव्हा संसर्गजन्य राहिलेलं नसतं. वाफेतून रिबाव्हिरिन दिलं जात असलेल्या खोलीतही जाऊ नका. इथे धोका विषाणूचा नाही, औषधाचा आहे. गोवर-रुबेला आणि कांजिण्यांच्या लशी गरोदरपणात घेता येत नाहीत, त्या आधीच घ्या आणि नंतर किमान एक महिना गर्भधारणा टाळा.

१६. घरी तान्हं बाळ आहे. ड्युटीवरून आल्यावर काय करू?

कपडे रुग्णालयातच बदला, ६० अंश पाण्यात घरच्या कपड्यांपासून वेगळे धुवा. हात-तोंड धुऊन मग बाळाला घ्या. सर्दी वाटत असेल तर पाजताना मास्क लावा. सर्दी किंवा फ्लूसाठी स्तनपान थांबवायचं नाही.

१७. नुसती सर्दी आहे, ताप नाही. ड्युटीवर जाऊ का?

मोठ्यांत आरएसव्ही नुसत्या सर्दीसारखाच दिसतो. तीच सर्दी अपुऱ्या दिवसांच्या बाळाला व्हेंटिलेटरवर नेऊ शकते. इन-चार्ज सिस्टरना कळवा. निदान नवजात, हृदयविकार आणि कर्करोगाच्या मुलांपासून दूर ड्युटी घ्या, मास्क काढू नका. पाळीला माणसं कमी आहेत याचा भार आजारी नर्सने उचलावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

फ्लूसारखा ताप असेल तर तापाच्या औषधाविना २४ तास ताप नसेपर्यंत घरी. जुलाब-उलट्या थांबल्यावर आणखी ४८ तास. डोळे आले असतील तर स्राव थांबेपर्यंत. बोटावर हर्पीसचा फोड असेल तर ग्लोव्हज घालूनही मुलांना हाताळायचं नाही.

१८. सोबतचे नातेवाईक ऐकत नाहीत. त्यांच्यामुळेही धोका असतो का?

असतो, आणि बऱ्याचदा मुलापेक्षा जास्त. गोवराच्या मुलाचं भावंड किंवा आई स्वतः आजाराच्या उंबरठ्यावर असू शकते. सोबत एकच व्यक्ती, तीही लक्षणं नसलेली. तिला हात धुणं प्रत्यक्ष करून दाखवा, डायपर कुठे टाकायचं ते सांगा, आणि दुसऱ्या पाळण्यातल्या बाळाला उचलू नका हे स्पष्ट बोला.

१९. मूल बरं दिसतंय. आयसोलेशन कधी काढायचं?

गोवर: पुरळ उठल्यानंतर ४ दिवस. कांजिण्या: सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. गालगुंड: सूज आल्यापासून ५ दिवस. फ्लू: ७ दिवस किंवा ताप आणि श्वासाची लक्षणं जाऊन २४ तास, यांत जे उशिरा असेल ते. आरएसव्ही: आजार असेपर्यंत. नोरोव्हायरस: लक्षणं थांबून किमान ४८ तास, डायपरमधल्या मुलात जास्त.

प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलाला हे आकडे लागू नाहीत. ते आठवडे-महिने विषाणू टाकत राहू शकतं. जन्मजात रुबेलाचं बाळ वर्षाचं होईपर्यंत संसर्गजन्य धरायचं. उलट, सुदृढ मुलाचा पीसीआर (विषाणूचे जनुकीय अंश शोधणारी तपासणी) बरं झाल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो. नुसत्या त्या रिपोर्टवर आयसोलेशन लांबवत नाहीत. आणि गोवर-कांजिण्यांच्या संपर्कात आलेलं पण अजून आजारी नसलेलं, लस न झालेलं मूलही प्रश्न १३ मधल्या दिवसांत वेगळं ठेवावं लागतं.

२०. लस घेतल्यानंतर मुलाला पुरळ आलंय. तेही संसर्गजन्य का?

गोवराच्या लशीनंतर ५ ते १२ दिवसांत येणारं हलकं पुरळ पसरत नाही. पण साथ चालू असेल किंवा संपर्काचा इतिहास असेल, तर ते लशीचंच आहे हे तपासणीने ठरेपर्यंत प्रश्न ३ प्रमाणे वागा. कांजिण्यांच्या लशीनंतर फोड आले तर क्वचित पसरतात, ते झाका. रोटाव्हायरसच्या लशीनंतर काही दिवस शौचात लशीचा विषाणू असतो, डायपरनंतर हात धुतले की पुरे.

हेच तुम्हालाही लागू आहे. कांजिण्यांची लस घेतल्यावर तुम्हाला फोड आले, तर ते सुकेपर्यंत प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांकडची ड्युटी घेऊ नका.